टिचकी

ताळगावच्या पठारावर, दोन काजूंच्या आड
आमची खोली. आत एकशे बारा पट्टेरी मासे,
अर्ध्या बोटाएवढे,
आणि एक दगडी मेज, हवेवर तरंगणारं,
कारण खालच्या रस्त्याने कदंबा गेली
तरी लेआंद्रच्या सुईला ती कळते.

लेआंद्र मडगावचा, भौतिकीतला.
मज्जेला तो ‘पदार्थ’ म्हणतो.
मी प्राण्यांतली, मला आधी दिसतं
मासा जेवला की नाही.
पहिलं वर्ष एकमेकांचे शब्द दुरुस्त करण्यात गेलं.
रात्री साडेबाराला पडद्यावर उल्रिके येते.
तिच्या खिडकीत बर्फ, माझ्या खिडकीत पाल.
आकडे तरी जुळावेत,
तेही जुळत नाहीत.

मेंदू मऊ असतो, हे कुणीही सांगेल.
किती मऊ, विचारलं की सगळे गप्प.
म्हणून सुईच्या टोकाला एक मणी, डोळ्यांना न दिसणारा.
मज्जेच्या कापावर तो टेकवायचा, दाबायचा,
किती दबलं, किती परत उसळलं, लिहायचं.
एका कापावर चारशे ठिकाणी.
तंतूला डोळे नसतात ना.
अंधारात खाजनाचा बांध ओलांडणाऱ्यासारखा
तो पुढची जमीन चाचपत वाढतो.

एका गुरुवारी वरदा नार्वेकर,
बांबोळीला कणे शिवते ती,
कायतानला घेऊन आली, चाकांच्या खुर्चीत.
नेरूलचा पाडेली.
बेचाळीस वर्षं माडावर, आणि एक दिवस माडाखाली.

मला वाटलं, विचारेल: कधी?
त्याने विचारलं, “तुम्ही नक्की करता काय?”
लेआंद्रने फळ्यावर आलेख काढला, दुसरा काढला.
कायतान हसला.
“टिचकी,” म्हणाला,
आणि खुर्चीच्या दांड्यावर मारून दाखवली.
“वर गेलं की नारळाला आधी टिचकी.
पाणी आहे, मलई आहे, की खोबरं,
तो आपणच सांगतो. मग कोयती.”
लेआंद्रने खडू खाली ठेवला.

मग मी त्याला सात नंबरची टाकी दाखवली.
त्यांच्या पाठीतला धागा मीच कापला होता
सहा आठवड्यांपूर्वी.
आधी तळाशी पडून होते, नुसते कल्ले हलत.
आता एक जण पोहत होता,
वाकडा, पण धारेच्या उलट.
“माशाक जाता,” कायतान म्हणाला.
पुढचं वाक्य त्याने बोललं नाही.
वरदा खिडकीबाहेर काजू बघत राहिली.

आम्ही धरून चाललो होतो, व्रण म्हणजे भिंत,
कडक, म्हणून तंतू अडतो.
उल्रिकेच्या उंदरांत व्रण मऊ निघाला,
भोवतालापेक्षा मऊ.
माझ्या माशांत उलट: जखमेपाशी मज्जा घट्ट होत गेली
आणि तंतू तिथूनच पार झाले.
तीन महिने आम्ही यंत्राला दोष दिला.
मणी बदलला, मेज बदललं,
लेआंद्र माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.
उल्रिके म्हणाली, पुन्हा.
पुन्हा केलं.
तेच.

मी कायतानला फोन लावला.
त्याला सांगण्याजोगं आमच्याकडे काही नव्हतं,
आणखी वीस वर्षं नसेलही; हे मी सांगितलं.
तरी सांगितलं, मऊ जागी ते अडतात.

“अडणारच, बाय,” तो म्हणाला.
“पाय रोवायला घट्ट लागतं.
तो माड बाहेरून बरा होता.
आत सोंड्या भुंगा. सगळा भुसा.”
मागे कुणीतरी कुकरची शिटी काढत होतं.
“टिचकी मी नारळाला मारायला निघालो होतो.
माडाला कोण मारतो?”

फोन ठेवला तेव्हा
दोनशे सोळावा बिंदू बाकी होता.
खालून कदंबा येत होती, दिवे आधी, आवाज मागून.
ती पुरती जाऊ दिली.
मेज स्थिर झालं.
मणी टेकवला.